दूरचे काम आणि तोंडओळख

१९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडत होती. काम मागेल त्याला काम, ही कल्पना आपल्याकडे त्या काळात आकाराला आली. योगायोग असा की, त्याच १९७३ सालात अमेरिकेत काम आणि काम शोधणे यांविषयी तीन विचार मांडले गेले. जॅक नाइल्स या अभियंत्याने 'टेलिकम्यूटिंग' हा शब्द घडवला. म्हणजे माणसाने कामाकडे जाण्याऐवजी कामाने तारेवरून माणसाकडे यावे. मायकेल स्पेन्स या तरुण अर्थशास्त्रज्ञाने, नोकरी देणाऱ्याला अनोळखी उमेदवाराची पारख कशी होते, यावर निबंध प्रसिद्ध केला. आणि मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने, नोकरी मिळवून देण्यात जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीची माणसे अधिक उपयोगी पडतात, असे दाखवून दिले.

या तिघांनी एकमेकांसाठी लिहिले नव्हते. पण आज चाळिशी-पन्नाशीतला एखादा अनुभवी संगणक अभियंता घरात बसून घरूनच करता येईल अशी नोकरी शोधू लागतो, तेव्हा हे तिन्ही विचार एकाच वेळी त्याच्या वाट्याला येतात. ते कसे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

मी स्वतः संगणक अभियंता नाही. साताऱ्यात टंकलेखनाचे आणि पुढे डीटीपीचे दुकान चालवले. तीस वर्षे लोकांचे बायोडाटा तयार करून दिले. 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' हे वाक्य किती वेळा टाइप केले, याला गणती नाही. नोकरी मागण्याच्या या कागदाचा इतिहास शोधता शोधता मी श्रमाच्या अर्थशास्त्राकडे वळलो. वाचन जमेल तसे, स्वतःच केले. करोनाच्या साथीनंतर माझ्याकडे एक नवा वर्ग येऊ लागला. पुण्यातील संगणक कंपन्यांत अठरा-वीस वर्षे काढलेली, टाळेबंदीत गावी परतलेली, आणि आता वृद्ध आई-वडिलांना सोडून पुन्हा शंभरहून अधिक किलोमीटरवरच्या हिंजवडीला जाऊ न शकणारी ही माणसे. त्यांचा प्रश्न एकच असे : "दोन वर्षे याच घरात बसून काम केले, तेव्हा चालले. मग आता का चालत नाही?"

भिंती कायद्याच्या होत्या

या प्रश्नाचे पहिले उत्तर इतिहासात आहे. भारतातील संगणक उद्योग हा मुळातच दूरस्थ कामाचा उद्योग. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूरला केंद्र काढले आणि उपग्रहाच्या दुव्याने ते अमेरिकेशी जोडले. पाठोपाठ सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची सरकारी योजना आली. पुणे हे तिच्या पहिल्या केंद्रांपैकी एक. काम अमेरिकेचे, माणूस पुण्याचा. अंतर तर तेव्हाच मिटले होते. मिटले नव्हते ते घर आणि कचेरी यांच्यातले अंतर.

त्याला नुसती मालकांची हौस कारण नव्हती. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यातील सवलती ठरावीक कुंपणाच्या आतल्या कामाशी बांधलेल्या होत्या. कॉल सेंटर व तत्सम कंपन्यांना दूरसंचार खात्याकडे नोंदणी करावी लागे, आणि घरून काम करू देण्यावर जाचक अटी होत्या. मार्च २०२० मध्ये या अटी तात्पुरत्या शिथिल झाल्या, नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार खात्याने नियमच बदलले. आर्थिक क्षेत्रांसाठी मात्र घरून काम करण्याचा रीतसर नियम यायला जुलै २०२२ उजाडले. तो ४३-अ क्रमांकाचा नियम. सुरुवातीला निम्म्या कर्मचाऱ्यांपुरता आणि एका वर्षापुरता. डिसेंबर २०२२ मध्ये तो सर्व कर्मचाऱ्यांपर्यंत वाढवला गेला, तोही मुदतीचाच. म्हणजे ज्याला लोक नवे युग म्हणाले, ते कायद्याच्या भाषेत मुदतवाढीवर चाललेले होते.

मग परतीचा प्रवास सुरू झाला. ज्या झूममुळे जग घरून काम करू शकले, त्याच कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये कचेरीच्या जवळ राहणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस येण्यास सांगितले. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस कचेरीत बोलावले. ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून तेच केले.

घरून काम नीट होत नाही, असे मात्र अभ्यास म्हणत नाही. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम यांनी चीनमधील सीट्रिप या प्रवास कंपनीत केलेला नऊ महिन्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. मात्र त्याच अहवालात एक उपेक्षित ओळ आहे : सारख्याच कामगिरीच्या मानाने पाहिले, तर घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. याच कंपनीतला दुसरा प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,६१२ कर्मचारी होते आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम होते. कामगिरीत वा बढतीत फरक पडला नाही, सोडून जाणारे एक-तृतीयांशाने घटले. यातून दोन गोष्टी निघतात. काम घरून होते, हे खरे. आणि पूर्णपणे नजरेआड झालेल्या माणसाची किंमत कमी धरली जाते, हेही खरे.

अर्ज स्वस्त झाला

आता स्पेन्सकडे वळू. त्याचा मुद्दा थोडक्यात असा. मालकाला उमेदवाराची खरी कुवत दिसत नाही. म्हणून तो खुणा पाहतो : पदवी, प्रमाणपत्र, पूर्वीची कंपनी. पण खूण कामाची केव्हा ठरते? ती मिळवणे सर्वांना सारखेच सोपे नसेल तेव्हा. जी खूण कोणालाही फुकट मिळते, ती काहीच सांगत नाही. या विचाराबद्दल स्पेन्सला २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

माझ्या दुकानाच्या काउंटरवरून मी हीच गोष्ट वेगळ्या रूपात पाहिली. नव्वदच्या दशकात अर्ज करणे म्हणजे जाहिरात कापून ठेवणे, बायोडाटा टाइप करून घेणे, झेरॉक्स काढणे, फोटो चिकटवणे, पाकीट, तिकीट, पोस्ट. एका अर्जाला खर्च येई आणि अर्धा दिवस जाई. त्यामुळे माणूस जिथे खरोखर जायचे आहे, तिथेच अर्ज करी. कंपनीलाही ते कळे. १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम आले, २००३ मध्ये लिंक्डइन, पुढे एका बटणात अर्ज पाठवण्याची सोय आली. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यावर तर जाहिरातीतील शब्दांशी तंतोतंत जुळणारा बायोडाटा आणि सोबतचे पत्र मिनिटभरात तयार होऊ लागले. अर्जाचा खर्च शून्यावर आला, आणि त्याबरोबर अर्जाचा अर्थही.

'रिमोट' असे लिहिलेल्या जाहिरातीत ही अडचण कित्येक पटींनी वाढते. हिंजवडीच्या जागेसाठी पुण्याच्या आसपासची माणसे अर्ज करतात. कुठूनही करता येणाऱ्या कामासाठी लखनौ, लागोस, लिस्बन, सगळेच करतात. रांगेत उभे राहायला जागा लागत नसली, तर रांगेला शेवट राहत नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. "यंत्रच बायोडाटा फेकून देते" असे माझ्याकडे येणारे बहुतेक सांगतात आणि मग त्या यंत्राला खूश करण्यासाठी दोन पानांत शब्दांची खिचडी भरतात. भरतीची संगणक प्रणाली मुख्यतः कपाटाचे काम करते. अर्ज साठवणे, वर्गवारी लावणे, शोधून देणे हे तिचे काम. थेट बाद करणारी गोष्ट बहुधा साधी असते, ती म्हणजे अर्जासोबत विचारलेले प्रश्न. अमुक देशात काम करण्याचा परवाना आहे का, अमुक वेळेत उपलब्ध आहात का, अपेक्षित पगार किती, किती दिवसांत रुजू होणार. भारतातील मोठ्या कंपन्यांत ९० दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो. दोन-चार आठवड्यांत माणूस रुजू होईल असे गृहीत धरणाऱ्या परदेशी कंपनीच्या लेखी हा एकच आकडा उमेदवाराला मागे टाकतो. त्यातून जे उरतात, त्यांच्याकडे माणूसच पाहतो, पण घाईने पाहतो. शेकडो अर्जांतून पहिले वीस-तीस बरे दिसले की पुढचे उघडलेच जात नाहीत. यात कोणाचा दुष्टावा नाही. स्वस्त झालेल्या खुणेला मिळणारी ही अटळ वागणूक आहे.

'वरिष्ठ' म्हणजे कोण?

वरिष्ठ उमेदवारापुढे आणखी एक पेच असतो. आपल्याकडे ज्येष्ठता वर्षांनी मोजतात. सरकारी सेवेतील ज्येष्ठता यादी आपल्या हाडीमांसी खिळली आहे. पुण्यातील सेवा-कंपन्यांची रचनाही तशीच, पिरॅमिडसारखी : तळाशी नवी मुले भरपूर, वर जावे तसे कमी. पंधरा वर्षे झालेला माणूस स्वतः प्रोग्राम लिहीत नाही. तो चाळीस-पन्नास जणांच्या कामाची आखणी, ग्राहकाशी बोलणी, हिशेब आणि अहवाल पाहतो. हे कौशल्य खरे आहे, पण ते त्या पिरॅमिडमध्येच चालणारे नाणे आहे.

दूरस्थ पद्धतीने चालणाऱ्या कंपन्यांत पथके लहान असतात आणि मधली फळी पातळ. तिथे 'सीनियर', 'स्टाफ', 'प्रिन्सिपल' या पायऱ्या हाताखाली किती माणसे यावर ठरत नाहीत. कोणी न सांगता किती मोठा आणि किती संदिग्ध प्रश्न सोडवता येतो, यावर ठरतात. आणि तो सोडवताना केलेला विचार लिहून ठेवता येतो का, हे पाहिले जाते. कारण प्रत्येकाची सकाळ वेगळ्या वेळी होते, तिथे बोलून काम भागत नाही. गिटलॅब ही मुख्य कचेरीच नसलेली कंपनी आपली कार्यपद्धतीची पुस्तिका सर्वांना वाचायला खुली ठेवते. ती चाळली तरी लिखाणावर सारा डोलारा कसा उभा आहे, हे दिसते. ही पद्धत नवीही नाही. १९९१ पासून लिनक्सची घडण अशीच झाली : पत्रव्यवहारातून, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांकडून, सर्वांसमोर लिहून.

वर्षांच्या अनुभवाविषयी संशोधन काय म्हणते? श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या अभ्यासांचा गोषवारा मांडला, आणि २०२२ मध्ये पॉल सॅकेट व सहकाऱ्यांनी तो पुन्हा तपासून दुरुस्त केला. निवडीच्या वेळी पाहिलेली गोष्ट आणि पुढे दिसलेली कामगिरी यांचा मेळ शून्य ते एक या मापावर मोजला, तर नुसत्या अनुभवाच्या वर्षांचा मेळ ०.०७ भरतो, म्हणजे जवळजवळ नाहीच. सर्वांत वर आहे ती पूर्वनियोजित, सर्वांना सारखेच प्रश्न विचारणारी मुलाखत : ०.४२. म्हणून 'एकूण अनुभव २१ वर्षे' हे बायोडाट्याच्या माथ्यावरचे वाक्य उमेदवाराला जितके वजनदार वाटते, तितके वाचणाऱ्याला वाटत नाही. उलट, त्या आकड्यावरून वय मात्र कळते. अमेरिकेत चाळिशी ओलांडलेल्यांना वयाच्या कारणाने डावलण्याविरुद्ध १९६७ चा कायदा आहे. आपल्याकडे खासगी नोकरीत तसे कवच नाही.

मी आता बायोडाटा करताना वर्षांची बेरीज काढून टाकतो आणि त्या जागी तीन प्रसंग लिहायला सांगतो. कोणता बिघाड होता, तुमच्यापुढे कोणते पर्याय होते, कोणता निवडला आणि का, काय सुधारले. पुष्कळांना हे लिहायला आठवडा लागतो. 'आम्ही केले' या वाक्यातून 'मी केले' वेगळे काढणे संकोची माणसाला फार जड जाते. पण मुलाखतीत विचारले जाते ते नेमके हेच.

भूगोल मागच्या दाराने

'कुठूनही काम करा' या वाक्यातले 'कुठूनही' तपासून घ्यावे लागते. पहिली अडचण घड्याळाची. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले सायंकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. चार तास एकत्र हजर राहण्याची अट असेल, तर हिवाळ्यात रात्री साडेअकरापर्यंत खुर्ची सुटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. तिथे चार तास म्हणजे मध्यरात्र उलटून गेली. बर्लिनचे नऊ मात्र आपले दुपारचे साडेबारा किंवा दीड. आई-वडिलांसाठी घरी राहू इच्छिणाऱ्याने प्रथम हा हिशेब मांडावा. मुंबईकरांनी भारतीय प्रमाणवेळ येऊनही आपली ३९ मिनिटे मागे असणारी 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नव्हती. घड्याळ कोणाचे, हा प्रश्न कामकऱ्याला तेव्हाही लहान वाटला नव्हता.

दुसरी अडचण कायद्याची. परदेशी कंपनीची भारतात नोंदणी नसेल, तर ती तुम्हाला थेट नोकर म्हणून ठेवू शकत नाही. मग दोन वाटा उरतात. एक, मध्यस्थ कंपनीने कागदोपत्री मालक व्हायचे. पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधी वगैरे ती पाहते. दुसरी, तुम्ही कंत्राटी सल्लागार व्हायचे. या दुसऱ्या वाटेत आकडा मोठा दिसतो, पण निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, सामूहिक आरोग्य विमा नाही, भरपगारी रजा नाही. प्राप्तिकर स्वतः भरायचा, उलाढाल वर्षाला २० लाखांपुढे गेली की जीएसटीची नोंदणी करायची. पन्नाशीतल्या माणसाला विम्याचा हप्ता किती पडतो, हे धरूनच दोन आकड्यांची तुलना करावी.

तिसरी गोष्ट पगाराची. गिटलॅबसारख्या कंपन्या राहण्याच्या ठिकाणानुसार पगार ठरवतात; थर्टी-सेव्हन सिग्नल्ससारखी एखादी कंपनी माणूस कुठेही राहो, सॅन फ्रान्सिस्कोच्या दराने देते. पहिली रीत सर्रास आढळते, दुसरी अपवादाने. अमेरिकेतही 'कुठूनही'ला कुंपण असते. जाहिरातीत पगाराचा आकडा देणे बंधनकारक करणारा कोलोरॅडो राज्याचा कायदा जानेवारी २०२१ मध्ये अमलात आला, तेव्हा काही कंपन्यांनी आपल्या रिमोट जाहिरातींत 'कोलोरॅडोचे रहिवासी वगळून' असे लिहून टाकले!

चौथी गोष्ट अविश्वासाची. जुलै २०२४ मध्ये नोबिफोर या अमेरिकी संगणक-सुरक्षा कंपनीने स्वतःहून जाहीर केले की, व्हिडिओवर मुलाखती घेऊन नेमलेला त्यांचा एक अभियंता उत्तर कोरियाचा तोतया निघाला. रुजू होताच त्याने यंत्रात घातक प्रणाली घालण्याचा प्रयत्न केला होता. सुरक्षेचा धंदा करणाऱ्या कंपनीचीच ही गत झाल्यावर इतरांनी धसका घेतला नसता तरच नवल. मुलाखतीत पडद्याआडून कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेणारे उमेदवार वाढल्याने तो धसका बळावला. २०२५ मध्ये गुगलच्या सुंदर पिचाई यांनीही, निदान एक फेरी प्रत्यक्ष भेटीची ठेवत असल्याचे सांगितले. समोर बसलेल्या माणसावर विश्वास ठेवण्याची जुनी रीत अशी परत आली.

वशिला आणि ओळख

अर्ज काही सांगत नाही, पदवी जुनी झाली, वर्षे मोजली जात नाहीत, पडद्यावरच्या चेहऱ्याचा भरवसा नाही. मग वरिष्ठ जागा भरली जाते कशी? येथे ग्रॅनोव्हेटर येतो.

त्याने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातील, नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिकांचा, तंत्रज्ञांचा आणि व्यवस्थापकांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक, ५६ टक्के, लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. ही माहिती देणारा मित्र तुम्हाला किती वेळा भेटे, असे तो विचारी. लोक त्याला दुरुस्त करत : मित्र नव्हे हो, नुसती ओळख. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी १६.७ टक्क्यांची माहितीदाराशी वारंवार भेट होत असे, ५५.६ टक्के अधूनमधून भेटत, २७.८ टक्के क्वचित. कारण सोपे आहे. आपल्या जिवलगांना जे माहीत असते, ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्या माणसाकडून. तोंडओळख हा दोन वर्तुळांमधला साकव असतो.

पन्नास वर्षांनी, २०२२ मध्ये, 'सायन्स' नियतकालिकात याची मोठी कसोटी प्रसिद्ध झाली. लिंक्डइनवरील 'तुम्ही यांना ओळखत असाल' या यादीत बदल करून पाच वर्षांत दोन कोटी सदस्यांवर प्रयोग झाले होते. निष्कर्ष असा की, अगदी घट्ट नाती आणि अगदी नाममात्र नाती यांपेक्षा मधली, बेताची विरळ नाती नोकरी मिळवून देण्यात सर्वांत उपयोगी ठरतात. आणि जो उद्योग जितका संगणकाधारित, तितका हा परिणाम अधिक.

मराठी मध्यमवर्गीय माणसाची कुचंबणा नेमकी येथे होते. आपल्या कोशात ओळखीने नोकरी मिळवण्याला एक शब्द आहे, वशिला, आणि तो शब्द लाजेचा आहे. गुणवत्ता यादीवर वाढलेल्या पिढीला जुन्या सहकाऱ्याला "तुमच्याकडे जागा आहे का?" असे विचारणे भीक मागितल्यासारखे वाटते. दोन दशके एका उद्योगात काढलेल्या, शेकडो माणसांबरोबर काम केलेल्या एका गृहस्थांनी चारशे अर्ज पाठवले होते. ओळखीच्या माणसांना लिहिलेली पत्रे तीन. त्यांच्या स्वाभिमानाबद्दल मला आदर आहे. पण वशिला आणि ओळख या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वशिल्याने अपात्र माणूस पात्राच्या पुढे जातो. ओळख पात्र माणूस दिसू देते, निवड त्यानंतरच होते. 'याने २०१६ मध्ये आमची बंद पडलेली यंत्रणा रात्रभर बसून उभी केली होती' हे सहकाऱ्याचे वाक्य स्पेन्सच्या अर्थाने अस्सल खूण आहे. ते फुकट मिळत नाही. सांगणाऱ्याची पत त्यात पणाला लागलेली असते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी आता अर्जांची संख्या विचारत नाही. पूर्वीच्या सर्व कंपन्यांतील माणसांची एक यादी करायला सांगतो; जवळच्यांची नव्हे, पाच-सात वर्षांत न बोललेल्यांची. त्यांना चार ओळी लिहाव्यात : मी सध्या काय करतो, मला कोणते काम साधते, कोणत्या वेळेत करू शकतो. नोकरी मागू नये, बातमी विचारावी. न पाहिलेल्या मालकाला पाठवलेल्या शंभर अर्जांहून अशी दहा पत्रे बरी, हे ग्रॅनोव्हेटरच्या आकड्यांतूनच निघते.

शिल्लक

पण येथे एक गंभीर अडचण आहे, आणि ती एका उमेदवाराच्या चतुराईने सुटणारी नाही. ही तोंडओळख तयार कुठे झाली होती? कंपनीच्या बसमध्ये, कँटीनच्या रांगेत, चहाच्या टपरीवर, शेजारच्या पथकाच्या वाढदिवसाच्या केकभोवती. मायक्रोसॉफ्टच्या ६१ हजारांहून अधिक अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहामाहीतील संपर्काचा अभ्यास पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. सर्वजण घरून काम करू लागल्यावर जवळच्या पथकातील संपर्क घट्ट झाला, पण वेगवेगळ्या गटांना जोडणारे दुवे कमी झाले. जाळे आकसले आणि गोठले. म्हणजे दूरस्थ नोकरी मिळते तोंडओळखीतून, आणि दूरस्थ नोकरीत नवी तोंडओळख फारशी होत नाही. आज जे पंचेचाळिशीचे आहेत, ते वीस वर्षांच्या कचेरीत जमवलेली पुंजी खर्च करीत आहेत. २०२० मध्ये घरातूनच पहिल्या नोकरीवर रुजू झालेली मुले पंचेचाळिशीला पोहोचतील, तेव्हा त्यांच्या खात्यावर काय असेल?

आणि ज्यांच्याकडे ही पुंजी मुळातच नव्हती, त्यांचे काय? घरून कामाचे युग आले तेव्हा आशा अशी होती की, लातूर, नांदेड, सिंधुदुर्गातली हुशार मुलगी पुण्याला न येता जगाचे काम करील. गाव कोणते, आडनाव कोणते, ओळखी किती, याला महत्त्व उरणार नाही. काम पोहोचवणाऱ्या तारा तिच्या घरापर्यंत आल्या, हे खरे. पण अनोळखी माणसावर विश्वास ठेवण्याची स्वस्त आणि खात्रीची रीत सापडली नाही. रीत सापडली नाही, की समाज ओळखीकडे वळतो आणि ओळख सगळ्यांकडे सारखी नसते. देशात परदेशी कंपन्यांची सतराशेहून अधिक स्वतःची केंद्रे आहेत आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करतात, असा २०२३-२४ चा नॅसकॉम-झिनोव्हचा अंदाज आहे. वरिष्ठ जागा मोठ्या संख्येने तिथे निघतात, पण तीही मोठ्या शहरांत, कचेरीच्या अंतरावर.

उपाय अगदीच नाहीत असे नाही. उघड्यावर, सर्वांना वाचता येईल असे केलेले काम ही ओळख नसलेल्याचीही खूण होऊ शकते. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात केलेली दुरुस्ती, एखाद्या बिघाडाचे सविस्तर टिपण हे अनोळखी माणूसही पारखू शकतो. त्याला वेळ लागतो, कष्ट लागतात, म्हणूनच ते खरे मानले जाते. दुसरा उपाय आपल्या जिल्ह्यांच्या ठिकाणी करण्यासारखा आहे. साताऱ्यात, सांगलीत, कोल्हापुरात घरून काम करणारी माणसे महिन्यातून एकदा एका ठिकाणी बसली, तर कँटीनची रांग थोडीफार परत मिळेल. आमच्याकडे मागील वर्षापासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नगर वाचनालयाच्या मागच्या खोलीत दहा-बारा जण जमतात. अजेंडा नसतो. प्रत्येकाने आपण सध्या काय करतो, ते सांगायचे आणि चहा प्यायचा. त्यांतल्या दोघांना आतापर्यंत एकमेकांच्या कंपन्यांत मुलाखतीचे बोलावणे आले. एकाला काम लागले, बर्लिनच्या घड्याळाचे. दुसऱ्याचा शोध अजून चालू आहे.